‘मस्करी’ आणि ‘सुख्रिया’ : एका शब्दाच्या मुळाशी जाताना

घरात, नातेवाइकांत, मशिदीच्या ओट्यावर किंवा लग्नाच्या मांडवात कुणाचे मन दुखावले की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘अहो, मस्करी केली. एवढं काय मनावर घेता?’ या वाक्यासरशी बोलणारा मोकळा होतो आणि दुखावलेला माणूसच अपराधी ठरतो. त्याला विनोद कळत नाही, त्याचे मन कोते आहे, असा निकाल लागतो आणि बैठक पुढे सुरू राहते.

मस्करी कशाला म्हणावे, ती उपहास केव्हा होते, आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? मस्करी करणाऱ्याचा, की ज्याची मस्करी होते त्याचा? प्रश्न लहान वाटतो. परंतु जिभेने घडणाऱ्या ज्या गोष्टींचा जाब आखिरतमध्ये द्यावा लागणार आहे, त्यांत याही गोष्टीचा समावेश आहे. म्हणून तो नीट तपासून पाहिला पाहिजे. आणि तपासायचाच, तर सुरुवात त्या शब्दापासूनच करणे सोयीचे आहे.

शब्दाचा प्रवास

मराठीत या अर्थाच्या शब्दांची वाण नाही. थट्टा, चेष्टा, गंमत, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा असे कितीतरी शब्द आपण वापरतो. त्यांतील ‘टिंगल’ आणि ‘टवाळी’ या शब्दांना काटे आहेत, ते ऐकणाऱ्याला लगेच टोचतात. ‘मस्करी’ मात्र सौम्य शब्द आहे. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू यांच्यात जे हसणे-खिदळणे चालते, ते मस्करी.

संस्कृतात ‘मस्करिन्’ असा एक शब्द आहे. वेळूचा दंड घेऊन फिरणारा संन्यासी, असा त्याचा अर्थ पाणिनीने नोंदवला आहे. परंतु आपल्या मस्करीशी त्याचे साम्य केवळ ध्वनीचे. आपली ‘मस्करी’ आली ती अरबी ‘मस्खरह’पासून. अरबीत ‘मस्खरह’ म्हणजे ज्याला लोक हसतात तो, उपहासाचा विषय झालेला माणूस. हा शब्द फार्सीत गेला तेव्हा त्याचा अर्थ थोडा सरकला. तेथे ‘मस्खरह’ म्हणजे लोकांना हसवणारा, विदूषक. फार्सीतून तो हिंदी-उर्दूत आणि दक्खिनीत ‘मसखरा’ आणि ‘मसखरी’ या रूपांनी आला आणि तिकडून मराठीत स्थिरावला. मराठी जिभेने ‘ख’चा ‘क’ केला, शब्द आटोपशीर केला, आणि आता त्याचे परकेपण कुणाला जाणवतही नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, त्यात दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. परंतु घरातल्या आणि चव्हाट्यावरच्या शब्दांना दरबारी पर्याय पुरत नसतात. ते लोकांच्या तोंडी राहतातच.

शब्दांचे अर्थ प्रवासात बदलतात, यात नवल नाही. अरबीत ‘मौज’ म्हणजे लाट, मराठीत ती करमणूक झाली. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, मराठीत तो निर्धन आणि मवाळ झाला. तसेच ‘मस्करी’चे झाले. म्हणून मूळ शब्दाचा अर्थ वाईट होता, सबब आजची मस्करी निषिद्ध, असा तर्क कुणी लढवू नये. शब्दाचा उगम म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नव्हे, आणि शरीअतचा निर्णय कृतीवर होतो, कृतीच्या नावावर होत नाही.

तरीही या प्रवासातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अरबी शब्दात ज्याला हसले जाते तो माणूस उभा आहे. फार्सी शब्दात त्याच्या जागी हसवणारा आला. मराठी शब्दात केवळ क्रिया उरली, एक खेळ उरला. म्हणजे ज्याला हसले जाते, तो माणूस वाटेत कुठेतरी शब्दाच्या बाहेर पडला. ‘मस्करी केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा कुणाची केली आणि त्याचे काय झाले, हे त्या शब्दात उरलेले नसते.

कुरआनातील हाच धातू

सीन, खा आणि रा या तीन अक्षरांचा हा अरबी धातू. त्यापासून बनलेला ‘सुख्रिया’ हा शब्द म्हणजे उपहास. मदरशात सूरह अल्-हुजुरातचा धडा झाला, तेव्हा हा शब्द मी शिकलो. मराठीच्या पदवीवर्गात ‘मस्करी’ची व्युत्पत्ती शिकलो. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, हे मात्र मला पुष्कळ उशिरा उमगले.

सूरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना याच धातूच्या क्रियापदाने बजावले आहे. पुरुषांच्या एका समूहाने दुसऱ्या समूहाचा उपहास करू नये, ज्यांना हसले जात आहे ते हसणाऱ्यांपेक्षा चांगले असू शकतील. पुढे हीच आज्ञा स्त्रियांसाठी वेगळी उच्चारली आहे. नंतर एकमेकांना टोमणे मारण्यास आणि वाईट टोपणनावांनी हाका मारण्यास मनाई केली आहे, आणि जे तौबा करणार नाहीत त्यांना अत्याचारी म्हटले आहे. टोमण्यांविषयीच्या शब्दांत तर आपण स्वतःलाच टोमणे मारू नयेत अशी रचना आहे. ईमानधारक भावाला लावलेला बोल हा स्वतःलाच लावलेला बोल असतो, असे भाष्यकारांनी त्याचे विवरण केले आहे.

आज्ञेमागचे कारण पाहावे. उपहासाने समोरच्याला दुःख होते, एवढेच कारण येथे दिलेले नाही. तो तुमच्यापेक्षा चांगला असू शकेल, हे कारण दिले आहे. म्हणजे उपहास हा आधी ज्ञानाचा अपराध आहे. ज्याला आपण हसतो, त्याचा दर्जा आपल्याला ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो. तो दर्जा केवळ अल्लाहला ठाऊक असतो.

हा धातू कुरआनात इतरत्रही आला आहे. ह. नूह (अ.) कोरड्या जमिनीवर नौका बांधत होते आणि त्यांच्या कौमचे सरदार जाता-येता त्यांना हसत होते, त्या प्रसंगी हेच क्रियापद आहे. आपल्या कष्टाखेरीज ज्यांच्यापाशी दान करण्यास काही नव्हते, अशा गरीब मुस्लिमांना मदीनेतील मुनाफिक हसले, तेथेही, सूरह अत्-तौबामध्ये, हेच क्रियापद आहे. दोन्ही ठिकाणी हसणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता.

याच धातूची दुसरी शाखा ‘तस्खीर’ ही आहे. आकाशांत व पृथ्वीवर जे काही आहे ते अल्लाहने मानवाच्या कामी लावले, असे सूरह अल्-जासियात सांगितले आहे, तेथे हा शब्द येतो. तस्खीर म्हणजे वश करणे, कामाला जुंपणे. सूर्य, चंद्र, नद्या, जनावरे मानवाच्या सेवेत दिली गेली आहेत. उपहास आणि वश करणे हे दोन अर्थ एकाच धातूत नांदतात, यात मला एक बोध दिसतो. ज्याचा आपण उपहास करतो, त्याला आपण आपल्या करमणुकीच्या कामाला जुंपत असतो. त्याचे काळेपण, त्याचे बोबडे बोलणे, त्याची गरिबी, त्याच्या बायकोला मूल नसणे, हे सारे आपल्या हसण्याचे सामान होते. निसर्ग आपल्या स्वाधीन केला गेला आहे. आपला भाऊ आपल्या हसण्यासाठी स्वाधीन केला गेलेला नाही.

प्रेषितांची (स.) मस्करी

मग मुस्लिमाने हसूच नये काय? असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्या गंभीर चेहऱ्यांमुळे पुष्कळ तरुण दीनपासून दुरावले आहेत. हदीसचे ग्रंथ निराळेच चित्र दाखवतात. निर्मळ थट्टेला अरबीत ‘मिजाह’ आणि ‘दुआबह’ हे शब्द आहेत, आणि दोन्ही ‘सुख्रिया’हून वेगळे आहेत. आपण आमच्याशी थट्टा करता, असे सहाबांनी एकदा आश्चर्याने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) ते नाकारले नाही. थट्टेतही आपण सत्याखेरीज काही बोलत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. ही हदीस तिरमिजीत आहे.

एकाने स्वारीसाठी जनावर मागितले. आपण त्याला उंटिणीचे पिल्लू देऊ, असे प्रेषित (स.) म्हणाले. पिल्लू घेऊन मी काय करू, असे तो विचारू लागला. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, की थोर झालेला उंटही उंटिणीचेच पिल्लू नसतो काय? या थट्टेत खोटे काही नाही, कुणी लहान झालेले नाही, आणि त्या माणसाला जनावरही मिळणार आहे. ह. अनस (रजि.) यांच्या लहानग्या भावाने एक पाखरू पाळले होते, ते मेले. मूल हिरमुसले होते. ‘अबू उमैर’ या त्याच्या नावाशी त्या ‘नुगैर’ पाखराचे नाव जुळवून, पाखराचे काय झाले, अशी प्रेषितांनी (स.) त्याची विचारपूस केली. एवढ्याशा यमकाने त्या मुलाचे दुःख कुणीतरी मोठ्या माणसाने दखल घेण्याजोगे ठरवले.

तथापि या विषयावर सर्वांत अधिक प्रकाश पडतो तो ह. जाहिर (रजि.) यांच्या प्रसंगातून. हे वाळवंटात राहणारे सहाबी. गावाकडचा माल मदीनेस आणीत, प्रेषितांना (स.) भेटी देत. ते दिसायला सुंदर नव्हते, असे हदीसमध्येच सांगितले आहे. एके दिवशी बाजारात ते आपला माल विकत उभे असताना प्रेषित (स.) मागून आले आणि त्यांनी त्यांना मिठी मारली. कोण आहे, सोडा, असे म्हणत जाहिर वळले, आणि ओळख पटताच त्यांनी आपली पाठ प्रेषितांच्या (स.) छातीशी अधिकच टेकवली. या गुलामाला कोण विकत घेतो, अशी हाक प्रेषितांनी (स.) दिली. जाहिर म्हणाले, की मग तर मी न खपणारा माल ठरेन. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले, की अल्लाहपाशी तुम्ही न खपणारा माल नाही, तेथे तुमचे मोल मोठे आहे.

भर बाजारात, एका कुरूप समजल्या जाणाऱ्या माणसाची थट्टा. उपहासाला यापेक्षा सोपी संधी नसते. ‘गुलाम’ म्हटले ते खोटे नव्हते, आपण सारेच अल्लाहचे गुलाम आहोत. जाहिर यांनी स्वतःच स्वतःला कमी लेखले. आपल्या बैठकीत अशा वेळी आणखी हशा पिकला असता. प्रेषितांनी (स.) मात्र ते कमी लेखणे तेथेच थांबवले. थट्टा सुरू झाली तेव्हा जाहिर वाळवंटातला एक विक्रेता होते. ती संपली तेव्हा सगळ्या बाजाराला त्यांचे मोल कळले होते.

‘माझा हेतू वाईट नव्हता’

येथे एक आक्षेप येतो. कृत्यांचा आधार नियतवर असतो, ही हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. माझी नियत वाईट नव्हती, मग मला दोष का? या प्रश्नाचे उत्तर अबू दाऊदमधील एका प्रसंगात मिळते. सहाबा प्रवासात होते. एक जण झोपी गेला. काहींनी त्याच्याजवळची दोरी गमतीने काढून घेतली, आणि तो दचकून उठला. त्यांचा हेतू वाईट होता असे कुणी म्हणणार नाही. परंतु मुस्लिमाला घाबरवणे मुस्लिमाला वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) तेथे सुनावले. प्रश्न त्या भिण्याचा होता. आज मित्राला घाबरवून त्याचे चित्रण मोबाईलवर पसरवणाऱ्या तरुणांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

नियत चांगली असेल तर चांगल्या कामाचे मोल वाढते. परंतु दुसऱ्याचा हक्क केवळ आपल्या नियतने फिटत नाही. नमाजमधील उणीव हे बंदा आणि अल्लाह यांच्यामधील प्रकरण आहे. माणसाचे मन दुखावणे हे ‘हुकूकुल इबाद’मध्ये मोडते, आणि ते त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावे लागते.

शिवाय अशा बोलण्याचे वजन बोलणाऱ्याला कळत नाही. ह. आयशा (रजि.) यांनी ह. सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगण्या उंचीचा एकदा उल्लेख केला. तेव्हा हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रही गढूळ होईल, अशा आशयाचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पायांना पाहून लोक हसले, तेव्हा ते पाय तराजूत उहुद पर्वताहून भारी भरतील, असे त्यांना ऐकावे लागले. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये जिभेच्या वीस आपत्ती मोजल्या आहेत. त्यांत दहावी मिजाह आणि लगेच अकरावी सुख्रिया आहे. दोन्हींची घरे शेजारी-शेजारी आहेत, मध्ये फक्त एक भिंत आहे.

एक कबुली

ही भिंत मी स्वतः ओलांडली आहे, म्हणून हे लिहितो. काही वर्षांपूर्वी मकतबात अस्रनंतरच्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा येत असे. तो अडखळत वाचायचा. एकेका अक्षरावर थांबायचा, मान हलवायचा, मग पुढे सरकायचा. त्याची पाळी आली की मी हसून म्हणायचो, ‘आली आमची पॅसेंजर.’ मुले हसत. तोही हसायचा. मला ते मायेचे वाटे. वर्ग हलका होतो, मुलांना मकतब आवडते, असा माझा समज होता.

दोन-तीन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. एका संध्याकाळी मगरिबनंतर त्याची आजी मशिदीच्या दाराशी आली. ती म्हणाली, ‘मौलानासाहेब, पोरगं घरात आता बोलतच नाही. शाळेत पण त्याला पॅसेंजर म्हणत्यात. हे नाव कुठनं निघालं, आम्हाला काय ठाऊक नाही. तुम्ही जरा पोरांना समजावून सांगा.’

नाव कुठून निघाले, ते मला ठाऊक होते. तिने मला दोष दिला असता तर उत्तर देणे सोपे गेले असते. ती माझ्याकडे मदत मागायला आली होती.

त्या रात्री मला एक हदीस आठवली. ती मी मिंबरवरून अनेकदा सांगितली होती. जो अडखळत, कष्टाने कुरआन पढतो, त्याला दुप्पट अज्र आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. माझ्या वर्गात सरसर वाचणारी वीस मुले होती, आणि दुप्पट अज्राचा एकच धनी होता. मी त्यालाच निवडून हसलो होतो. ज्यांना हसले जाते ते चांगले असू शकतील, हे आयतीतले कारण त्या दिवशी मला प्रथमच नीट समजले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि त्या मुलाची माफी मागितली. मोठ्या माणसाने, त्यातून उस्तादाने, मुलाची माफी मागावी, हे त्याच्या घरच्यांना अवघड वाटले. तो काही बोलला नाही. आठवड्याने मकतबात आला. मग जेथे नाव ठेवले होते, त्याच वर्गात त्याच मुलांसमोर मी चूक कबूल केली. मकतबात ते नाव बंद झाले. शाळेत ते कितीतरी दिवस चालू राहिले, आणि ते थांबवणे माझ्या हाती नव्हते.

‘तोही हसत होता’ हा युक्तिवाद मी त्यानंतर कधी केलेला नाही. दुर्बलाचे हसणे म्हणजे संमती नव्हे. ज्याला उठून जाता येत नाही, ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्यापाशी हसण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. विद्यार्थी उस्तादापुढे, नवी सून सासरच्या बैठकीत, नोकर मालकापुढे, गरीब पाहुणा श्रीमंत नातेवाइकाच्या दस्तरखानावर असाच हसतो.

घरासाठी काही कसोट्या

मग घरात, मुलाबाळांत, लग्नकार्यात मस्करी कशी करावी? वर आलेल्या प्रसंगांतून चार कसोट्या हाती येतात. पहिली, ती खरी असावी. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याचा नाश होवो, असा इशारा हदीसमध्ये पुन्हा पुन्हा उच्चारला आहे. दुसरी, ज्याची मस्करी होते त्याला तितक्याच मोकळेपणाने उलट मस्करी करता यावी. जाहिर (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) उत्तर दिले होते. जेथे उत्तर देण्याची मुभा नाही, तेथे मस्करी नाही. तिसरी, जे माणसाने स्वतः निवडलेले नाही, त्याला हात लावू नये. रंग, उंची, व्यंग, बोलण्याची ढब, आई-बापांचा धंदा या गोष्टी अल्लाहच्या वाटपातील आहेत. चौथी, मस्करी संपल्यावर तो माणूस चार लोकांत पूर्वीइतकाच किंवा अधिक प्रिय राहिला काय, हे पाहावे.

आपल्या घरांत ‘काळू’, ‘जाड्या’, ‘लंगडा’ अशी नावे मायेने ठेवली जातात आणि जन्मभर चिकटतात. लाडाची नावे जरूर असावीत. प्रेषितांनीही (स.) आपल्या माणसांना प्रेमाची नावे दिली. परंतु ज्याचे नाव, त्याला ते आवडते काय, हे एकदा त्याला एकट्याला विचारून पाहावे. चार माणसांत विचारू नये, तेथे तो हसूनच हो म्हणेल.

मराठीत ‘मस्करीची कुस्करी होणे’ असा वाक्प्रचार आहे. थट्टा करता करता तिचे पर्यवसान भांडणात होते, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेने हा अनुभव जपून ठेवला आहे. ‘मस्करी’ हा शब्द आपल्याला टाकून द्यायचा नाही. तो आपला आहे, आणि हसतमुखाने भावाला भेटणे हेही पुण्यच आहे. फक्त त्या शब्दाच्या बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा आत घ्यायचे आहे. ‘मस्करी केली’ असे म्हणताना कुणाची केली, हे आठवायचे आहे. आणि त्याचे मन दुखावले असेल, तर ‘मनावर घेऊ नका’ असे न सांगता ‘चुकलो, माफ करा’ असे म्हणायचे आहे.

अल्लाह आपल्या जिभांना सत्य आणि माया देवो, आपल्या हसण्यामुळे ज्यांची मने दुखावली त्यांच्यापाशी जाऊन माफी मागण्याचे बळ देवो, आणि आपण ज्यांना लहान समजलो त्यांच्या सोबतीने आपल्याला जन्नतमध्ये दाखल करो. आमीन.